दाल-बाफल्यांनंतरच्या निखाऱ्यांवर स्मोअर्स : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इंदुरात दिवाळी सरली आणि संध्याकाळी अंगावर स्वेटर चढले की कुणाच्या तरी शेतावर, फार्महाउसवर, नाहीतर घराच्याच गच्चीवर दाल-बाफल्यांचा बेत ठरतो. बाफले आधी पाण्यात उकडायचे, मग कंड्यांच्या (गोवऱ्यांच्या) निखाऱ्यांवर भाजायचे, मग तुपात बुडवायचे. एवढी खटपट करून जेवणं उरकली की मंडळी हात धुऊन सतरंजीवर पसरतात आणि निखारे मागे तसेच धुमसत राहतात. स्मोअर्स करायला याच्याइतकी चांगली आग मुद्दाम पेटवूनसुद्धा मिळत नाही.

स्मोअर्स हा अमेरिकेतल्या शेकोट्यांवरचा जुना गोड पदार्थ. मार्शमॅलो निखाऱ्यावर भाजायचा, दोन बिस्किटांच्या मध्ये चॉकलेटच्या तुकड्यावर ठेवायचा, हलकेच दाबायचा आणि गरम आहे तोवर खायचा. १९२७ साली तिथल्या गर्ल स्काउट्सच्या एका पुस्तिकेत ही कृती छापलेली आहे. आपल्याकडे तो आला मोबाइलवरच्या रील्समधून, त्यामुळे बहुतेकांनी पाहिलेला स्मोअर म्हणजे पेटता, काळाठिक्कर मार्शमॅलो. दिसायला झकास, खायला कडू.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगते. चव ठरते ती निखाऱ्यावर, ज्वाळेवर नाही. आणि मूळ पदार्थच इतका गोड आहे की त्यात काही नवं घालायचं तर ते खारट, आंबट, कडसर किंवा कुरकुरीत हवं. आणखी गोड नको. खाली दिलेले प्रकार या दोन कसोट्यांना उतरलेले आहेत, आणि जे उतरले नाहीत तेही शेवटी सांगितले आहेत.

आधी जागा

पाताळपाणी, चोरल, तिंछा, जानापाव. इंदूरच्या आसपास सहलीला जागा पुष्कळ, आणि तिथे शेकोटी करावीशी वाटणं साहजिक आहे. पण या परिसराचा बराच भाग जंगलाचा आहे, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. (हा कायदाही १९२७ चाच. योगायोग.) रालामंडल तर अभयारण्य; तिथे काडी ओढायचा विचारही नको. थंडी ओसरल्यावर सागाची पानं गळून खाली वाळत पडतात आणि एका ठिणगीवर सगळा उतार पेटू शकतो. तेव्हा स्वतःचं शेत, ओळखीचं फार्महाउस, अंगण किंवा गच्ची, एवढ्यातच भागवा.

गच्चीवर थेट फरशीवर आग करू नका, फरशी तापून तडकते. चार विटा मांडा, त्यांवर जुनं लोखंडी घमेलं, घमेल्यात दोन बोटं वाळू, आणि वाळूवर निखारे. शेगडी असेल तर प्रश्नच नाही. प्लास्टिकची पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, केबलच्या वायरी यांपासून लांब बसा आणि हाताशी एक भरलेली बादली ठेवा. वारा सुटला असेल तर बेत दुसऱ्या दिवशीवर ढकला.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. थंडी आहे म्हणून उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत नेऊ नका. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेत तो कळत नाही.

निखारे कसे हवेत

कंडे पेटले की आधी धूर, मग ज्वाळा, मग वर पांढरट राख आणि आत लाल. आपल्याला शेवटचा टप्पा हवा. कंड्यांच्या धुराचा वास बाफल्याला शोभतो, मार्शमॅलोला नाही. शिवाय कंड्यांची राख फार हलकी असते, जराशा वाऱ्याने उडते, आणि चिकट मार्शमॅलोवर बसली की निघत नाही. म्हणून मी बाफले निघाले की जेवायला बसण्याआधी ढिगाच्या एका कडेला दोन-तीन मुठी लाकडी कोळसा सरकवून ठेवते. जेवण होईपर्यंत त्याला राखेची पातळ साय धरलेली असते आणि धूर संपलेला असतो. मग चिमट्याने तेवढे निखारे वेगळ्या घमेल्यात काढून घ्यायचे. त्यांना फुंकणीने फुंकायचं नाही, पुठ्ठ्याने वारा घालायचा नाही.

नुसती शेगडीच पेटवणार असाल तर कोळशाखाली कापराच्या दोन वड्या पुरतात. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांतलं काही नको. फर्निचरच्या कामातून उरलेले प्लायवुडचे आणि रंग दिलेल्या लाकडाचे तुकडेही नकोत. त्यातल्या रसायनांचा धूर खाण्याला लागतो.

आच बरोबर आहे का ते तळहाताने बघायचं. निखाऱ्यांच्या वर साधारण चार-पाच इंचांवर तळहात धरा आणि सावकाश मोजा. दोन-तीनलाच हात मागे घ्यावा लागला तर आच कडक आहे, थांबा. पाच-सहापर्यंत धरवला तर सुरू करा. दहापर्यंत आरामात धरवत असेल तर निखारे बसले, थोडा कोळसा घाला.

सामान

मार्शमॅलो म्हणजे साखर, ग्लुकोज सिरप, भरपूर हवा आणि ती हवा धरून ठेवणारं जिलेटिन. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर गादीतला कापूस!" जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात, त्यामुळे शाकाहारी घरात पाकीट फोडण्याआधी त्यावरची खूण बघायलाच हवी. हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. तपकिरी त्रिकोण (जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका) असेल तर मांसाहारी. दोन्ही प्रकार आणले असतील तर सळया वेगळ्या ठेवा आणि कोणता कुठला ते सगळ्यांना आधीच सांगा. जेवण झाल्यावर कुणाला हे कळलं तर संध्याकाळ नासते.

शाकाहारी मार्शमॅलोत जिलेटिनऐवजी बहुधा समुद्री शेवाळातून काढलेलं कॅराजिनन किंवा अगर-अगर असतं आणि ते आचेवर वेगळं वागतं. जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून तो मार्शमॅलो आतून लवकर सैल होतो आणि तोंडात विरघळतो. अगर-अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे काही शाकाहारी मार्शमॅलो बाहेरून रंग धरतात पण आत घट्टच राहतात, तर काही एकदम ढिले पडून सळईवरून घसरतात. कंपनी बदलली की वागणूक बदलते. आदल्या दिवशी त्यातला एक घरी गॅसच्या मंद आचेवर, ज्योतीपासून उंच धरून भाजून बघा. घसरत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पुढे दिलेली कढईची पद्धत त्याच्यासाठीच आहे.

मोठे, दोन इंचांच्या आसपासचे मार्शमॅलो घ्या. केकवर घालायचे बारके मणी सळईवर टिकत नाहीत. पाकीट दाबून बघा. आतले मऊ आणि सुटे लागायला हवेत. एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल तर त्याला कधीतरी उष्णता लागली आहे.

बिस्किटांचं सोपं आहे. मूळ पदार्थात ग्रॅहम क्रॅकर लागतो. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हा १९व्या शतकातला धर्मोपदेशक साधा, मसाले-उत्तेजकं नसलेला आहार घ्या म्हणून लोकांच्या मागे लागलेला असायचा. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या बिस्किटाला त्याचं नाव मिळालं आणि आज त्याच बिस्किटावर चॉकलेट ओघळतं! आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं म्हणजे डायजेस्टिव्ह. पार्ले-जी चालतं, पण ते मुळात गोड आणि लहान, म्हणून अर्धाच मार्शमॅलो. मारी पातळ असल्यामुळे दाबताना मोडतं. नानखटाई चवीला सुरेख, मात्र वरचं झाकण म्हणून ठेवलीत तर चुरा होते. तिला खालीच ठेवा आणि उघडाच स्मोअर खा. खारीचा नाद सोडा.

चॉकलेट डार्क घ्या. ५५ टक्क्यांचं पुरे, त्याहून कडू लहान मुलं खात नाहीत. मागची यादी वाचा: कोको बटर असलेलं ३४ अंशांच्या आसपास वितळायला लागतं; कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं स्वस्त कंपाउंड चॉकलेट मऊ पडलं तरी जिभेवर मेणचट लागतं. जाड वडी नको. निम्म्या पोस्टकार्डाएवढी पातळ पट्टी दोन स्मोअर्सना पुरते.

सळया लोखंडी किंवा स्टीलच्या, लाकडी मुठीच्या, कमीत कमी अडीच फुटांच्या. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. शेतात असताना शेजारच्या झुडपाची फांदी तोडायचा मोह होतो. कण्हेर आणि रुई दोन्ही विषारी आहेत आणि दोन्ही बांधाबांधावर असतात. झाड नक्की ओळखता येत नसेल तर फांदी वापरूच नका.

आठ जणांसाठी वीस मार्शमॅलो, डायजेस्टिव्हची दोन पाकिटं आणि दोन मोठ्या चॉकलेट वड्या आणा. बाफल्यांनंतर कुणी दोनाच्या वर खात नाही. वरचे चार पडतात आणि जळतात त्यांच्यासाठी.

पहिला स्मोअर

१. ताटात एक बिस्कीट, त्यावर चॉकलेट, आणि ते ताट घमेल्याच्या कडेला, आचेची ऊब लागेल पण जाळ लागणार नाही अशा जागी सरकवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चॉकलेट वितळलंच नाही म्हणतात. थंडीच्या रात्री एका मार्शमॅलोत चॉकलेट वितळवण्याइतकी ऊब नसते. दोन-तीन मिनिटांत चॉकलेटच्या कडा चकाकायला लागतील, तेवढं पुरे.

२. मार्शमॅलो सळईवर सपाट बाजूने टोचा, टोक आरपार निघून पाव इंच बाहेर दिसलं पाहिजे. एका सळईवर एकच.

३. निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर धरा. ज्वाळा दिसत असेल तर तिच्यावर नाही, तिच्या बाजूच्या लाल भागावर.

४. सळई बोटांत घोळवत सतत फिरवा. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, धीर धरा. मग मार्शमॅलो फुगायला लागतो, पांढऱ्यावर पिवळट छटा येते, आणि त्यानंतर रंग झपाट्याने बदलतो: पिवळट, बदामी, मधाचा. पातळ कडक साल धरते आणि बारीक सुरकुत्या पडतात. सळई थोडी तिरकी करा. सगळा मार्शमॅलो सळईभोवती सैल होऊन किंचित खाली ओघळला तर आतपर्यंत वितळलाय. साल फिरते पण गाभा हलत नाही, असं दिसलं तर आणखी उंच धरून अर्धा मिनिट द्या.

५. ताटातल्या चॉकलेटवर ठेवा, वरून दुसरं बिस्कीट दाबा आणि बिस्किटांनीच धरून सळई ओढून घ्या. बोटांनी मार्शमॅलो काढायचा नाही.

६. दहा आकडे मोजा, मग खा. बाहेर कोमट वाटला तरी आतला गाभा जीभ भाजतो.

मार्शमॅलो पेटतोच कधीतरी, आणि पेटला की पोरं पहिल्यांदा सळई हवेत झटकतात. ते धोक्याचं, जळता चिकट गोळा सुटून कुणाच्याही अंगावर जाऊ शकतो. आमच्या गच्चीवर हा संवाद दर थंडीत होतो: "आत्या, पेटला, पेटला!" "हलवू नकोस. तोंडाजवळ नको आणूस, लांबूनच जोरात फुंक." विझल्यावर वरची काळी साल अलगद ओढली तर अख्खी निघते आणि आतला भाग पुन्हा भाजता येतो.

एकदा हा साधा स्मोअर मनासारखा जमला की पुढचं करा.

गुळपोळीचा स्मोअर

संक्रांतीच्या आसपास मराठी घरात हा झालाच पाहिजे. गुळपोळी दुसऱ्या दिवशी खुसखुशीत होते, तिळाचा आणि भाजलेल्या बेसनाचा खमंगपणा तिच्यात आधीच असतो, आणि बिस्किटापेक्षा ती कितीतरी चविष्ट. पोळी चार भागांत मोडा. त्यातले दोन घ्या, घमेल्याच्या कडेला नुसते कोमट करा. जास्त तापवलंत तर आतला गूळ पातळ होऊन कडेने बाहेर येतो, आणि गरम गुळाचा चटका मार्शमॅलोपेक्षा वाईट.

इथे चॉकलेट निम्मं, आणि डार्कच. गूळ, साखर आणि गोड चॉकलेट असं तिन्ही एकत्र आलं तर दुसरा घास जात नाही. चॉकलेटवर मिठाचे दोन-चार खडे चुरडून घाला आणि मगच मार्शमॅलो ठेवा. आमच्याकडे बाहेरून आलेले पाहुणे हाच मागतात. पोळी जाड लाटलेली असेल तर झाकण ठेवू नका, उघडाच खा.

गजक थंडीत इंदुरात मिळतेच, पण ती पापुद्र्यांची असल्यामुळे बिस्किटाच्या जागी टिकत नाही. तिचा भरड चुरा करा आणि साध्या स्मोअरमध्ये चॉकलेटवर पेरा.

लौंग सेव आणि जीरावन

हे वाचून नाक मुरडणारे बरेच असतील. नमकीनशिवाय ज्यांचा चहा होत नाही अशा गावात हे कधीतरी होणारच होतं. लौंग सेव हाताने जाडसर चुरा आणि वाटीत घ्या. मार्शमॅलो मधाच्या रंगावर आला की सळईसकट वाटीत एकदाच घोळवा. साल गरम आणि चिकट असते तोवर सेव धरते. दहा सेकंद उशीर केलात तर गळून पडते. खाली डायजेस्टिव्ह, डार्क चॉकलेट, वर झाकण नको. लवंगेचा आणि मिरीचा तिखटपणा चॉकलेटच्या कडवटपणाला धरून येतो. साधी बारीक सेवही चालते, मात्र रतलामी तिखट सेव घेतलीत तर चॉकलेट थोडं वाढवा.

पोह्यांवर भुरभुरतो ते जीरावन इथे वापरू नका, चव गढूळ होते. त्याची जागा पेरूवर आहे. पिकायला आलेला, पण घट्ट पेरू आडवा चिरा, बिया चमच्याने काढा, कापलेली बाजू खाली करून जाळीवर तीन-चार मिनिटं भाजा. कडा करपल्या की उलटा करा, खळग्यात चॉकलेटचा तुकडा आणि त्यावर अर्धा भाजलेला मार्शमॅलो, आणि वर चिमूटभर जीरावन. आमचूर आणि काळं मीठ गोडाला बरोबर छेद देतात. बिस्कीट लागतच नाही.

केळ्याची होडी

ज्यांना सळई धरून बसायचा कंटाळा, त्यांच्यासाठी. हाही शेकोटीवरचा जुनाच प्रकार, आणि आपल्या बाजूला बुऱ्हाणपूरची केळी असल्यावर सोडायचा कशाला? केळं पिवळंधमक पण घट्ट हवं. काळे ठिपके पडलेलं आत लगदा होतं.

केळं न सोलता, आतल्या वळणाच्या बाजूने लांबीभर चीर द्या, पण खालची साल कापू नका. चीर बोटांनी फाकवून त्यात चॉकलेटचे तुकडे आणि बारीक कापलेला एक मार्शमॅलो भरा. भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट चमचाभर घाला, ते विसरू नका. मऊ केळ्यात चावायला काहीतरी लागतं. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये चिरेची बाजू वर ठेवून सैलसर गुंडाळा, घट्ट आवळलं तर मार्शमॅलो फॉइललाच चिकटतो. निखारे थोडे सपाट करून त्यांवर ठेवा, आठ ते दहा मिनिटं. साल पूर्ण काळी झाली म्हणजे झालं. फॉइल उघडताना तोंड मागे, वाफ एकदम येते. चमच्याने खायचं, सालच वाटी.

शाकाहारी मार्शमॅलो हट्टी निघाला तर तो इथे खपून जातो. मार्शमॅलो अजिबात नको असेल तर त्याच्या जागी कुस्करलेला पेढा घाला. पेढ्यातला खवा आचेला खरपूस होतो. पण मग चॉकलेट जवळजवळ काढूनच टाका.

आइसक्रीमच्या कोनमध्ये हेच सगळं भरून फॉइलमध्ये गुंडाळून पाच मिनिटं निखाऱ्याशेजारी ठेवायचं, तो कोनचा प्रकार. लहान मुलांच्या वाढदिवसाला सोयीचा: प्रत्येकाने आपला कोन आपण भरायचा, भाजायचं काम मोठ्यांकडे.

कढईत, वर-खाली निखारे

दहाच्या वर माणसं असतील तर एकेक सळई पुरी पडत नाही. लोखंडी कढई किंवा जाड तळाचा खोलगट तवा घ्या. आपल्या आज्या ओव्हन नसताना वर-खाली निखारे ठेवून नानखटाई भाजायच्या, तीच युक्ती.

कढईला तुपाचा हात लावा. तळाला डायजेस्टिव्हचा भरड चुरा आणि वितळलेलं तूप एकत्र करून दाबून बसवा. आठ-दहा बिस्किटांना दोन मोठे चमचे तूप. त्यावर २०० ग्रॅम चॉकलेट चिरून पसरा आणि तीन-चार चमचे साय घाला, म्हणजे चॉकलेट थंड होताना दगड होत नाही. वर मार्शमॅलो एकमेकांना लागून उभे रचा. इंदुरी हात असेल तर मधल्या फटींतून भाजलेले शेंगदाणे.

कढई थोड्याच निखाऱ्यांवर ठेवा, कारण खालून चॉकलेट पटकन लागतं. सपाट लोखंडी झाकण ठेवून त्यावर खालच्यापेक्षा दुप्पट निखारे पसरा. पाच मिनिटांनी झाकण चिमट्याने सरळ वर उचलून बघा; तिरकं केलंत तर राख थेट मार्शमॅलोवर. वरून बदामी झालं की उतरवा. मार्शमॅलो घसरणारा असो की घट्ट राहणारा, कढईत पडायला जागा नाही आणि आच वरून लागते, त्यामुळे तक्रार उरत नाही. खाताना चमच्याऐवजी खाकरा किंवा टोस्टचे तुकडे बुडवा. मेथीचा खाकरा सर्वांत चांगला, खरंच.

न जमणारे प्रकार थोडक्यात. जलेबी: पाक अधिक मार्शमॅलो, पहिल्याच घासाला घसा धरतो. रबडी: मार्शमॅलोची साल मऊ पडते आणि भाजण्यावर पाणी. पुरणपोळी: मऊ, आत मऊ, वर मऊ, दाताखाली काहीच येत नाही. आणि चिक्कीत पाक असल्यामुळे ती निखाऱ्याजवळ पुन्हा चिकट होऊन दाढेला धरते. हवीच असेल तर कुटून घाला.

भाजलं तर, आणि लहान मुलं

वितळलेला मार्शमॅलो कातडीला चिकटून राहतो, म्हणून चटका खोल जातो. ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, २० मिनिटं. चिकटलेलं ओरबाडू नका, पाण्याने सुटेल तेवढं सुटू द्या. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा बोटांच्या पेरांवर असेल तर डॉक्टरांकडे.

चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा मार्शमॅलो देऊ नका, तो घशात अडकू शकतो. बारीक कापून, बसवून द्या. सळई हातात असलेल्याने चालायचं नाही, हा एकच नियम मुलांना सांगा आणि तो पाळायला लावा. नायलॉनच्या ओढण्या, शाली, जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या आत खोचा.

आवराआवर

चिकटलेल्या सळया घासू नका. उभ्या भांड्यात गरम पाणी घालून त्यात रात्रभर ठेवा. साखर विरघळते आणि सकाळी पुसून निघतात. कढईलाही तेच, फक्त लोखंडी असेल तर तासाभराने धुऊन, पुसून तेलाचा हात लावा, नाहीतर गंजते.

निखाऱ्यांवर पाणी शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा शिंपडा. तापलेल्या घमेल्यात एकदम बादली ओतू नका, गरम वाफ आणि राख अंगावर येते. कंड्यांचा ढीग फसवा असतो: वरून थंड, पोटात दुसऱ्या सकाळपर्यंत लाल. म्हणून राख त्याच रात्री कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. घमेलं उघड्यावर तसंच राहू द्या, दुसऱ्या दिवशी काठीने ढवळून, वर तळहात धरून गार असल्याची खात्री करा. लाकूड-कंड्यांची नुसती राख कुंड्यांना थोडी थोडी घालता येते. केळ्याच्या साली ओल्या कचऱ्यात, पाकिटं सुक्यात. फॉइलला खरकटं लागलेलं असतं, ते पुसून मगच सुक्यात टाका. सकाळची कचरागाडी मिसळलेला कचरा घेत नाही.